‘राणीने लग्न मोडून दिलं’: एका माहितीफलकावरच्या वाक्याची तपासणी

या प्रकरणातल्या संग्रहालयाचं, गावाचं आणि माणसांचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. नवऱ्याकडे नांदायला जायला नकार देणाऱ्या रखमाबाईंच्या खटल्याच्या तारखा आणि कायदे मात्र जसे आहेत तसेच ठेवले आहेत, कारण सगळं प्रकरण त्या तारखांवरच उभं आहे.

पार्श्वभूमी

ज्या इतिहासकार बाईंबरोबर मी लंडनमध्ये काही वर्षं काम केलं, त्यांचा विषय म्हणजे व्हिक्टोरियाच्या काळातला राजवाडा आणि त्याच्या आसऱ्याने जगणारी साधी माणसं. वाड्यातल्या स्वयंपाकघरात कोण राबत होतं, राजघराण्याला सुतक आलं की नोकरांच्या काळ्या कपड्यांचा खर्च कुणाच्या खाती पडायचा, राणीने हातात धरलेली वस्तू गावोगावच्या दुकानांत कशी पोचायची, असे त्यांचे प्रश्न. विद्यापीठाची नोकरी नाही. पुस्तकांचं मानधन, गावोगावच्या इतिहास मंडळांतली व्याख्यानं, एखाद्या माहितीपटाला सल्ला, यावर घर चालायचं. राजघराण्यात लग्न, जुबिली किंवा मृत्यू झाला की फोन खणखणायचा, एरवी महिनोन्महिने शांतता.

आठवड्यातले दोन दिवस त्या लंडनच्या क्यू या भागातल्या राष्ट्रीय अभिलेखागारात असायच्या. राजवाड्याचा कारभार बघणाऱ्या लॉर्ड चेंबरलेनच्या कचेरीचे कागद तिथे आहेत. पेन आत न्यायचं नाही, फक्त शिसपेन्सिल, तीही पारदर्शक पिशवीतून. जुनं बाड स्पंजच्या उतरत्या ठोकळ्यांवर अर्धवट उघडून ठेवायचं आणि पान मिटू नये म्हणून त्यावर कापडात शिवलेली दोरीसारखी वजनं ठेवायची. दिवसभर वाचून हाती कधी चार ओळी लागायच्या, कधी काहीच नाही. विंडसरच्या गोल मनोऱ्यातल्या राजघराण्याच्या दप्तराची रीत आणखी वेगळी. आधी लेखी विनंती करायची, तारीख मिळेपर्यंत वाट बघायची, आणि तिथला मजकूर छापायचा तर पुन्हा परवानगी घ्यायची. या वेळखाऊपणाची त्यांनी कधी तक्रार केली नाही. पण ‘उद्यापर्यंत सांगा’ म्हणणाऱ्यांशी त्यांचं जमायचं नाही.

2022 च्या फेब्रुवारीत इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका गावातल्या छोट्या संग्रहालयाने त्यांना काम दिलं. जूनमध्ये एलिझाबेथ राणीची प्लॅटिनम जुबिली होती, त्या निमित्ताने व्हिक्टोरियाच्या 1887 आणि 1897 च्या जुबिलींवर प्रदर्शन भरणार होतं. बावीस माहितीफलकांचा मजकूर तयार होता. तो तपासून द्यायचा, मानधन चार दिवसांचं. भारताशी संबंधित तीन फलक होते म्हणून मला सोबत घेतलं.

अडचण

चौदाव्या फलकावर रखमाबाई होत्या. मजकुराचा मथितार्थ असा: मुंबईच्या एका तरुणीचं अकराव्या वर्षी लग्न झालं. मोठी झाल्यावर तिने नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला. कोर्टाने तिला तुरुंगाची भीती घातली. तेव्हा तिने थेट व्हिक्टोरिया राणीला पत्र लिहिलं, आणि राणीने आपल्या अधिकारात कोर्टाचा निकाल रद्द करून ते लग्न मोडून दिलं.

माझ्यासाठी ही गोष्ट नवी नव्हती. डॉ. रखमाबाई राऊत म्हटलं की राणी आठवतेच. शाळेतल्या बाईंनी ती तशीच सांगितली होती, दरवर्षी जयंतीच्या सुमाराला ती तशीच फिरते. मी फलक वाचला, मान डोलावली आणि पुढे गेलो. बाईंनीही पहिल्या वाचनात समासात पेन्सिलने बरोबरची खूण केली. हा मजकूर गावातल्या मराठी कुटुंबांकडून आला होता, आणि ‘घरच्या माणसांना माहीत असणार’ असं आम्ही दोघांनी न बोलताच धरून चाललो. प्रकरणातली पहिली चूक ही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. चौदा नंबरची खूण त्यांनी खोडली होती. प्रश्न एकच होता: “हुकूम कोणत्या तारखेचा आहे?”

मला सांगता येईना. हुकूम असेल तर तारीख असते आणि तारीख असेल तर कुठेतरी कागद असतो, हे त्यांचं नेहमीचं म्हणणं. पण त्यांच्या मनात किंतु आला तो तारखेआधी, ‘मोडून दिलं’ या क्रियापदापाशी. राजघराण्याच्या इतिहासात वर्षं घालवलेल्या माणसाला ते खटकणारच होतं. व्हिक्टोरियाचे सख्खे काका चौथे जॉर्ज 1820 मध्ये गादीवर आले तेव्हा त्यांना स्वतःच्या बायकोपासून, कॅरोलिनपासून, सुटका हवी होती. राजा असून त्यांना ते स्वतःच्या सहीने करता आलं नाही. संसदेत विधेयक आणावं लागलं. लॉर्डांच्या सभागृहात ते 108 विरुद्ध 99 अशा मतांनी कसंबसं पुढे सरकलं आणि लोकांचा राग बघून सरकारने ते मागे घेतलं. इंग्लंडमध्ये घटस्फोट कोर्टातून मिळू लागला तो 1857 च्या कायद्यानंतर. तोपर्यंत काडीमोडासाठी संसदेचा स्वतंत्र कायदा लागायचा. “राजाला स्वतःचं लग्न मोडता आलं नाही,” बाई म्हणाल्या, “तर त्याच्या पुतणीने मुंबईतल्या कुणाचं तरी लग्न कोणत्या अधिकारात मोडलं?”

तपास

चार दिवसांच्या मानधनातले दोन दिवस या एका फलकावर गेले.

खटल्याचा सांगाडा जुळवायला वेळ लागला नाही. निकाल छापील आहेत. दादाजी भिकाजी यांनी 1884 मध्ये बायकोने नांदायला यावं म्हणून मुंबई हायकोर्टात दावा लावला. सप्टेंबर 1885 मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला. जी मुलगी कधी नवऱ्याकडे राहिलीच नाही, तिला मनाविरुद्ध पाठवणं रानटीपणाचं होईल, असा त्यांच्या निकालाचा सूर होता. दादाजी अपिलात गेले, 1886 मध्ये निकाल फिरला आणि प्रकरण पुन्हा सुनावणीला आलं. मार्च 1887 मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. पुढे प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे लंडनमधल्या शेवटच्या अपिलापर्यंत, जाण्याची चर्चा होती, पण जुलै 1888 मध्ये तडजोड झाली. दादाजींनी 2000 रुपये घेतले आणि दावा सोडून दिला.

म्हणजे लग्न मोडलंच नाही. कोर्टाने मोडलं नाही, राणीने मोडलं नाही. नवऱ्याने आपला हट्ट पैशांवर सोडला, एवढंच झालं. 1904 मध्ये दादाजी वारले तेव्हा रखमाबाईंनी विधवेचं पांढरं लुगडं नेसायला सुरुवात केली, असं त्यांच्या चरित्रात नोंदलेलं आहे. राणीने सोळा वर्षांपूर्वी ज्यांचं लग्न रद्द केलं, त्या बाईने हे का केलं असतं?

मग राणी या गोष्टीत आली कुठून? इथे मला थोडा हातभार लावता आला. 1887 या जुबिलीच्या वर्षी रखमाबाईंनी लिहिलेलं एक आवाहन इंग्लंडच्या वर्तमानपत्रात छापून आलं होतं. त्यात राणीला आई म्हटलं आहे आणि हिंदुस्थानातल्या लाखो मुलींच्या वतीने विनंती केली आहे. ते मी दोनदा वाचलं. त्यात स्वतःच्या सुटकेची मागणीच नाही. मागणी आहे हिंदू कायद्याच्या पुस्तकात एक वाक्य घालण्याची: मुलगा 20 वर्षांचा आणि मुलगी 15 वर्षांची होण्याआधी लागलेलं लग्न कोर्टात आलं तर ते कायदेशीर धरू नये. डोक्यावर तुरुंगाची टांगती तलवार असताना त्या बाईने राणीकडे जे मागितलं, ते इतर मुलींसाठी होतं.

आणि ते मिळालं नाही. 1891 मध्ये संमतिवयाचा कायदा झाला, त्यात शरीरसंबंधासाठी मुलीच्या संमतीचं वय 10 वरून 12 वर नेलं. लग्नाच्या वयाला त्याने हातही लावला नाही.

मार्च 1887 मध्ये शिक्षेची धमकी, त्याच वर्षी राणीला उद्देशून आवाहन, पुढच्या वर्षी सुटका. या तीन गोष्टी सांगणाऱ्याच्या तोंडी एका माळेत ओवल्या जाणं अगदी साहजिक आहे. बाईंनी माझ्या टिपणावर खाली लिहिलं होतं: लिहिलेलं पत्र, वाचलं गेलेलं पत्र आणि मान्य झालेली विनंती, या तीन वेगवेगळ्या गोष्टी धराव्यात.

तपासात एक धागा अनपेक्षित निघाला आणि मला तो सगळ्यांत मोलाचा वाटतो. नांदायला येण्याचा दावा ही मुळात इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांतली चीज. तिथून ती मुंबईत आणून बसवली गेली. पण खुद्द इंग्लंडमध्ये असा हुकूम न पाळणाऱ्याला तुरुंगात टाकण्याची शिक्षा संसदेने 1884 मध्येच उठवली होती. त्या वेळी गाजत होतं ते जॉर्जिना वेल्डन या बाईचं प्रकरण, कारण कोर्टाने तिच्या बाजूने हुकूम देऊनही नवरा परत यायला तयार नव्हता. म्हणजे इंग्लिश नवऱ्यावर तुरुंगाची पाळी आली तेव्हा शिक्षा गेली, आणि तीन वर्षांनी मुंबईतल्या बावीस वर्षांच्या मुलीला तीच शिक्षा वाचून दाखवली गेली. राणीच्या कृपेची गोष्ट सांगताना हे पूर्ण झाकलं जातं.

समोर असलेले पर्याय

क्युरेटरला कळवलं तेव्हा छपाईला अकरा दिवस उरले होते. त्यांचं पहिलं म्हणणं असं की मजकूर आहे तसा राहू द्यावा. गोष्ट सर्वज्ञात आहे, लोकांना आवडते, आणि भारताच्या फलकांचा खर्च ज्या निवृत्त डॉक्टरकाकांनी उचलला त्यांची ती आवडती आहे. बाईंनी याला एका ओळीत नकार दिला. पुढचा पर्याय फलकच काढून टाकण्याचा. तो त्यांना त्याहून वाईट वाटला. बावीस फलकांत हिंदुस्थानी बाई एकच होती.

खरा मोह तिसऱ्या पर्यायाचा होता: वाक्याआधी ‘असं म्हणतात की’ घालायचं. कुणाचंच मन मोडत नाही, छपाई वेळेवर होते, आणि कायद्याने बघितलं तर ते खोटंही नाही. मी त्याच बाजूला झुकलो होतो. बाईंनी ऐकलं नाही आणि कारण समजावून सांगितलं. राजघराण्याच्या इतिहासातली निम्मी दंतकथा ‘असं म्हणतात’ या दोन शब्दांवर जगते. ब्रिटनमध्ये ख्रिसमसचं झाड प्रिन्स अल्बर्टने आणलं, असं म्हणतात. त्याआधी 1800 च्या नाताळात तिसऱ्या जॉर्जच्या शार्लट राणीने विंडसरला झाड सजवलेलं होतं. अल्बर्टच्या घरच्या झाडाचं चित्र 1848 मध्ये एका सचित्र साप्ताहिकात छापलं गेलं आणि घरोघरी त्याचं अनुकरण झालं. चित्र काढणारे, छापणारे, विकणारे सगळे विसरले गेले, नाव उरलं ते अल्बर्टचं. माणसांनी केलेलं काम हळूहळू राजवाड्याच्या खात्यावर जमा होतं आणि ‘असं म्हणतात’ हे त्या हस्तांतराचं साधन आहे, असं त्यांचं ठाम मत. रखमाबाईंच्या बाबतीत जमा होणार होती चार वर्षांची लढाई.

क्युरेटरने आणखी एक वाट सुचवली. राणीची रोजनिशी आता संगणकावर उपलब्ध आहे, 40,000 हून जास्त पानं आहेत. तीत रखमाबाईंचं नाव शोधा, सापडलं नाही तर फलकावर तसं लिहून मोकळे होऊ. ऐकायला हे बिनतोड वाटतं, पण बाईंनी याही वाटेने जायचं नाकारलं. व्हिक्टोरियाच्या मृत्यूनंतर धाकटी मुलगी बिअ‍ॅट्रिसने ती रोजनिशी वर्षानुवर्षं बसून स्वतःच्या हाताने उतरवली, नको वाटलेला मजकूर गाळला आणि मूळ वह्या जाळल्या. सुरुवातीच्या काही वर्षांची लॉर्ड ईशर या दरबारातल्या माणसाने आधीच करून ठेवलेली प्रत वाचली, म्हणून किती गाळलं गेलं याचा अंदाज तरी करता येतो. 1887 चं आपल्याकडे आहे ते बिअ‍ॅट्रिसच्या हातचंच. त्यात एखादं नाव नसणं हा कशाचाच पुरावा होत नाही. आपल्या सोयीचा आहे म्हणून कच्चा पुरावा वापरायचा नाही, हा त्यांचा नियम या वेळीही त्यांनी पाळला.

काय केलं

आधी एक गोष्ट फसली. बाईंनी क्युरेटरला पाच पानी टिपण पाठवलं. कायदे, निकाल, तारखा, सगळं होतं. तीन दिवस उत्तर नाही. नंतर कळलं की त्या बिचाऱ्या एकट्या सगळं प्रदर्शन उभारत होत्या, काचपेट्यांचे दिवे अजून आले नव्हते, आणि टिपण त्यांनी उघडलंच नव्हतं.

मग बाईंनी फलकाचा मजकूरच नवा लिहून पाठवला, जुन्याइतक्याच शब्दांचा, म्हणजे मांडणी बदलायला नको. मराठीत तो साधारण असा: “मार्च 1887 मध्ये मुंबईच्या न्यायालयाने रखमाबाईंना नवऱ्याकडे जा किंवा सहा महिने तुरुंगात जा असा हुकूम दिला. त्यांनी तुरुंग पत्करायची तयारी ठेवली. जुबिलीच्या वर्षी राणीला उद्देशून त्यांनी बालविवाहाविरुद्ध कायदा मागितला. तो झाला नाही. जुलै 1888 मध्ये 2000 रुपये घेऊन नवऱ्याने दावा सोडला. रखमाबाई पुढच्या वर्षी लंडनला आल्या आणि 1894 मध्ये डॉक्टर झाल्या.” तासाभरात होकार आला.

काकांशी बोलायचं काम माझ्याकडे आलं. काका मूळचे गिरगावचे. त्यांच्या आजीने ही गोष्ट त्यांना सांगितलेली, आणि ‘राणीने मुंबईच्या पोरीचं ऐकलं’ हे वाक्य त्यांनी आयुष्यभर जपलेलं. मी त्यांच्या घरी गेलो. चहा झाला, पोहे झाले, मग कागद समोर ठेवले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

“म्हणजे आजी खोटं बोलली?”

“नाही हो काका. आजीने जे ऐकलं ते सांगितलं. पत्र खरं आहे, राणीला आई म्हटलंय तेही खरं आहे.”

त्यांनी आवाहनाचा उतारा पुन्हा वाचला. 20 आणि 15 या आकड्यांवर बोट ठेवून म्हणाले, “अरे, हिने स्वतःसाठी काही मागितलंच नाही की.” नंतर 1884 च्या कायद्याचं सांगितलं तेव्हा मात्र ते भडकले. “त्यांच्याकडे बंद केलेली शिक्षा आमच्या पोरीला? हे फलकावर लिहा आधी!”

काय झालं

फलक नव्या मजकुरासह वेळेवर लागला. काकांनी खर्चातला एक पौंडही मागे घेतला नाही. उद्घाटनाच्या दिवशी फलकासमोर उभं राहून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला 2000 रुपयांची गोष्ट सांगत होते.

पण 1884 चा कायदा फलकावर आला नाही. जागा नाही, असं उत्तर मिळालं. फलकाचा जवळजवळ तिसरा हिस्सा साम्राज्याच्या नकाशाने व्यापला होता. बाईंनी तो मुद्दा आपल्या व्याख्यानात घेतला. व्याख्यानाला साठेक माणसं होती, प्रदर्शन बघून गेली ती त्याच्या कितीतरी पट.

दुसरी गोष्ट आम्हाला जुलैत कळली. कानाला लावून ऐकायची ध्वनिफीत मार्चमध्येच मुद्रित झाली होती, जुन्या मजकुरावरून. म्हणजे फलक सांगत होता की नवऱ्याने दावा सोडला, आणि त्याच फलकासमोर कानात आवाज सांगत होता की राणीने लग्न मोडलं. शाळांना वाटलेल्या प्रश्नपत्रिकेतही ‘रखमाबाईला कोणी मदत केली?’ असा प्रश्न होता आणि उत्तर ‘व्हिक्टोरिया राणी’. ध्वनिफीत दुरुस्त झाली ती प्रदर्शन संपायला दोन आठवडे असताना. प्रश्नपत्रिका परत घेता आल्या नाहीत.

पुन्हा करायचं तर

काम स्वीकारताना बाईंनी फक्त फलकांची यादी मागितली होती. तोच मजकूर आणखी कुठे कुठे जाणार आहे हे विचारलं नाही. त्यानंतरच्या प्रत्येक कामात त्या पहिल्याच पत्रात हे विचारतात: फलक, ध्वनिफीत, शाळेचं साहित्य, विक्रीची पुस्तिका, भाषण. छपाईच्या तारखेबरोबर ध्वनिमुद्रणाची तारीखही लिहून घेतात.

तपासणीची पद्धतही बदलली. मजकूर हातात आला की आता आम्ही आधी राजा-राणीच्या नावापुढची क्रियापदं अधोरेखित करतो. दिलं, रद्द केलं, सुरू केलं, थांबवलं. प्रत्येकाशेजारी अधिकार कोणता आणि तारीख कोणती, हे लिहून बघतो. अर्ध्या तासाचं काम आहे, पण चौदा नंबरची चूक त्यात पहिल्याच दिवशी सापडली असती. आणि गोष्ट आपल्याकडची, आपल्या भाषेतली असली की ती दुसऱ्या माणसाने तपासायची, हे मी माझ्यापुरतं ठरवलं आहे. मला ती लहानपणापासून ठाऊक होती, म्हणून माझी नजर तिच्यावरून सरकून गेली.

काकांकडे मी शेवटी गेलो, हेही चुकलंच. ती गोष्ट ज्यांच्या घरातून आली त्यांच्याकडे पहिल्याच दिवशी कागद घेऊन जायला हवं होतं. 1884 च्या कायद्यासाठी मग काकाच क्युरेटरशी भांडले असते, आणि त्यांचं म्हणणं टाळणं संग्रहालयाला अवघड गेलं असतं. जागेचं कारण आम्ही फार लवकर मान्य केलं. तो फलक पुन्हा करायचा झाला तर नकाशा निम्मा करायला सांगू आणि मोकळ्या जागेत दोन ओळी मागू: इंग्लंडमध्ये ही शिक्षा उठली ते साल 1884, मुंबईत रखमाबाईंना ती सुनावली ते साल 1887.